मुठीत मावणारी डबी आणि शहरभरची दुर्गंधी

या थ्रेडमध्ये आजवर किल्ले, तह आणि लढाया पाहिल्या; आज एक इवलीशी वस्तू पाहू. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सुस्थितीतील लोक आगपेटीपेक्षाही लहान अशी चांदीची डबी जवळ बाळगत. तिचे नाव विनेग्रेट. झाकणाखाली नक्षीदार जाळी आणि जाळीखाली सुगंधी सिरक्यात भिजवलेला स्पंजाचा तुकडा. आम्लाने चांदी खराब होऊ नये म्हणून आतून सोन्याचा मुलामा दिलेला असे. या कामात बर्मिंगहॅमचे कारागीर अग्रेसर होते. नॅथॅनिएल मिल्स यांच्या डब्यांवर तर विंडसर, वॉरिक यांसारखे किल्ले उठावात कोरलेले दिसतात.

घेरी येणाऱ्या नाजूक स्त्रियांची डबी, अशी तिची ओळख करून दिली जाते. माझ्या मते ती अपुरी आहे. ही डबी म्हणजे तत्कालीन शहरांच्या गटारांविषयीचा पुरावा आहे.

रोग दुर्गंधीतून पसरतात, अशी त्या काळी बहुतेक डॉक्टरांचीही समजूत होती. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये कॉलऱ्याने सुमारे १४,००० माणसे दगावली. ज्यांना परवडे, ते डबी नाकाशी धरून पुढे जात. बाकीचे त्याच हवेत राहत आणि तेच दूषित पाणी पीत.

१८५८ च्या उन्हाळ्यात मात्र थेम्सची दुर्गंधी थेट पार्लमेंटमध्ये शिरली. जंतुनाशकात भिजवलेले पडदे लावूनही सभासदांना बसवेना, आणि ऑगस्टच्या आरंभीच कायदा संमत झाला. जोसेफ बॅझलगेट यांनी सुमारे १३० किलोमीटर लांबीच्या मुख्य गटारवाहिन्या उभारल्या. १८६६ मध्ये कॉलरा परतला, तो मुख्यतः पूर्व लंडनमध्ये. तेथील काम अद्याप अपुरे होते.

डबी आणि गटारवाहिनी, दोहोंच्या मुळाशी एकच चुकीची समजूत होती. कॉलरा पसरत होता तो पाण्यातून. तरीही जीव वाचवले ते गटारवाहिन्यांनी, कारण त्यांनी सर्वांचीच घाण वाहून नेली. डबी केवळ धारकापुरता दिलासा देई, आणि माझ्या मते त्या दिलाशामुळेच सार्वजनिक कामाची निकड वरच्या वर्गाला फार उशिरा जाणवली.

उद्याचे अभ्यासक आपल्या घरांतील पाण्याचे फिल्टर आणि एअर प्युरिफायर पाहतील, तेव्हा विचारतील: यांच्या नळाला आणि हवेला काय झाले होते? आणि ज्यांच्याकडे ही यंत्रे नव्हती, ते काय पीत होते?