चूक सापडली, तरी चोरी आवडली!

'ओशन्स इलेव्हन' (2001) या चित्रपटात ब्रॅड पिट सारखा काहीतरी खात असतो. एका प्रसंगात तो मॅट डेमनशी बोलता बोलता कोळंबी खातोय. आधी हातात काचेचा ग्लास, मग बशी, मग पुन्हा ग्लास! एका रात्रीत लास वेगासचे तीन कॅसिनो लुटणाऱ्या टोळीला एक ग्लास सांभाळता आला नाही. प्रेक्षकांनी ही चूक पकडली, पोट धरून हसले आणि चित्रपट पुन्हा पाहिला.

अशा चुकांना कंटिन्युइटीच्या, म्हणजे सलगतेच्या चुका म्हणतात. त्या सगळ्याच चित्रपटांत असतात. पण आखूनरेखून केलेल्या चोरीच्या सिनेमात, म्हणजे हाइस्टमध्ये, त्या जास्त पकडल्या जातात. कारण हा सिनेमाच आपल्याला बारीक पाहायला शिकवतो. घड्याळ, चावी, बॅग, रखवालदाराची नजर, सगळं लक्षात ठेवा, असं तो सांगतो. मग बशी बदलली की आपण दचकतो. हा पुरावा आहे की घोटाळा?

चूक होते कशी?

चित्रपट आपण पाहतो त्या क्रमाने चित्रित होत नाही. एका जागेचे सगळे प्रसंग एकदम उरकतात. दारातून आत येणारा माणूस आज आणि तोच माणूस दाराबाहेर तीन आठवड्यांनी, असंही होतं. कुणाच्या शर्टाचं कुठलं बटण उघडं होतं, चहा किती उरला होता, याची नोंद ठेवायला सेटवर खास माणूस असतो. तरीही काही निसटतंच.

कधी कधी तर चूक दिसत असूनही ठेवली जाते. 'अपोकॅलिप्स नाऊ'चे संकलक वॉल्टर मर्च यांनी शॉट कुठे कापावा याचे सहा निकष मांडले आहेत. त्यात भावनेला त्यांनी 51 टक्के वजन दिलं आणि कोण कुठे उभं आहे या जागेच्या सलगतेला फक्त 4 टक्के! अभिनय उत्तम झालेला टेक आणि ग्लास बरोबर असलेला टेक यांत निवड करायची वेळ आली, तर ग्लास हरतो.

आपल्या बंगळुरूजवळचंच उदाहरण घ्या. म्हैसूरच्या रस्त्यावर साधारण 50 किलोमीटरवर रामनगर आहे. 'शोले'चं (1975) रामगढ इथल्याच खडकांत उभं राहिलं. गावात वीज नाही म्हणून जया भादुरी कंदील लावते-विझवते, मग वीरू चढतो त्या उंच टाकीत पाणी कसं चढतं, हा विनोद कित्येक वर्षं चालू आहे. पण त्याने 'शोले'चं काय बिघडलं? उलट, या चित्रपटाला मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार संकलनाचा होता आणि तो मिळवला एम. एस. शिंदे यांनी.

1987 चं जग उभं करताना

आता वळूया आपल्याकडच्या गाजलेल्या हाइस्टकडे. नीरज पांडे यांचा 'स्पेशल 26' फेब्रुवारी 2013 मध्ये आला. कथा 1987 सालातली. खोटे सीबीआय अधिकारी बनून धाडी टाकणारी टोळी आणि तिच्या मागावर असलेला खरा अधिकारी.

जुना काळ दाखवायचा म्हणजे चुकांना आमंत्रणच. घरच्या घरी खेळून पाहा. 1987 मधला प्रसंग असेल तर महात्मा गांधींच्या मालिकेतली नोट दिसता कामा नये, ती मालिका 1996 ची. पाचशेची नोटही 1987 च्या ऑक्टोबरमध्ये आली, त्याआधी नाही. इंग्रजी पाटीवर 'मुंबई' असेल तर चूक, कारण 1995 पर्यंत तिथे 'बॉम्बे' होतं. मराठीत मात्र ती पूर्वीपासून मुंबईच! 'कोलकाता' हे अधिकृत नाव 2001 चं आणि इंग्रजीत 'बेंगळुरू' 2014 चं. या खेळात आजी-आजोबा हमखास जिंकतात, कारण त्यांनी तो काळ पाहिलेला असतो.

पण प्रेक्षक खरोखर नाराज कशावर झाले? पाट्यांवर नाही. गाणी आणि प्रेमकथा यांनी वेग मंदावतो, ही तक्रार जास्त ऐकू आली. बाकी चित्रपट लोकांनी उचलून धरला.

(सावधान, इथे शेवट फुटणार आहे. पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

पहिल्या धाडीत टोळीसोबत दोन पोलीस असतात, रणवीर आणि शांती. बिचारे फसले, असं आपल्याला वाटतं. शेवटी कळतं की तेही टोळीतलेच! इथे प्रेक्षक मागे जाऊन तपासतो. आधीची त्यांची भीती, त्यांचा गोंधळ या नव्या सत्याशी जुळतो का? जुळतो, म्हणून शेवटी टाळी पडते. नसता जुळला, तर आपल्याला फसवलं असं वाटलं असतं.

म्हणजे वस्तूंची सलगता चुकली तर हसू येतं. माणसांची सलगता चुकली तर विश्वास उडतो.

खऱ्या चोरीत रीटेक नसतो

हा चित्रपट ज्या घटनेवर बेतला, ती 19 मार्च 1987 रोजी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीत घडली. मोन सिंग नाव सांगणाऱ्या माणसाने वृत्तपत्रात नोकरीची जाहिरात दिली, ताज हॉटेलमध्ये मुलाखती घेतल्या, 26 उमेदवार निवडले आणि त्यांनाच घेऊन 'धाड' घातली. मग उमेदवारांना पहाऱ्यावर ठेवून लाखोंचे दागिने घेऊन तो निघून गेला. तो कधीच सापडला नाही.

त्या नाटकात नेपथ्य चोख होतं. जाहिरात, हॉटेल, बस, रुबाब, सगळं जागच्या जागी. न जुळणारी होती ती वागणूक. सरकारी तपास अधिकारी कुणी हॉटेलात एका दिवसात नेमतं का? लगेच धाडीवर नेतं का? पण नोकरीची गरज आणि अधिकाऱ्याचा धाक यांच्यापुढे हे प्रश्न कुणाला सुचले नाहीत. त्यात त्या तरुणांना काय दोष द्यायचा?

तेच नाटक आज मोबाइलवर चालतं. 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात त्याला. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. पाटी, वर्दी, शिक्का यांत चूक शोधत बसाल तर कदाचित सापडणारही नाही. चूक वागण्यात शोधा. खरे पोलीस तासन् तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवत नाहीत. तपासणीसाठी पैसे दुसऱ्या खात्यात टाका, असं सांगत नाहीत. "घरात कुणाला सांगू नका" असं तर मुळीच नाही. आपल्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकारच नाही.

ते शेवटचं वाक्य सगळ्यात धोक्याचं. कारण मध्येच "थांबा, हे जुळत नाहीये" म्हणणारा माणूसच त्यांना खोलीत नको असतो. सिनेमा पाहताना अशा माणसाचा आपल्याला वैताग येतो. फोनवर मात्र तोच आपल्याला वाचवू शकतो. असा कॉल आला तर कट करा, घरच्यांना सांगा आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा.

तर या रविवारी घरच्यांबरोबर एखादा हाइस्ट लावा. मुलांना ग्लास-बशा शोधू द्या, आजोबांना नोटा आणि गाड्या. तुम्ही माणसांकडे पाहा. कोण आपल्या भूमिकेला न शोभणारं वागतंय? आणि घरात कुणी मध्येच "हे जुळत नाहीये" म्हणालं, तर त्याला गप्प करू नका.