वणवा आधी कोणाला दिसतो?

15 फेब्रुवारी ते 15 जून, वनखात्याच्या हिशेबात हा आगीचा हंगाम. आमच्या मेळघाटात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, वारा फिरला की डोंगर पेटतो. मग आम्ही बातमी लिहितो, किती हेक्टर गेलं. ते गेल्यावर.

अमेरिकेत ऑगस्ट 1910 मध्ये आयडाहो-मॉन्टानाच्या डोंगरांत दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जळालं. 80 हून जास्त माणसं मेली, बहुतेक आग विझवणारीच. तेव्हा तिथल्या वनखात्याला कळलं, आग लहान असतानाच दिसली पाहिजे. मग शिखराशिखरावर मनोरे उभे राहिले. 1930 च्या मंदीत तर सरकारने बेरोजगार पोरांना लावून ते बांधून घेतले. आत एक माणूस, टेलिफोन आणि नकाशा लावलेली गोल तबकडी. धूर दिसला की तबकडीवरून दिशा घ्यायची. दुसऱ्या मनोऱ्यावरचाही घेणार. दोन रेषा छेदतात तिथं आग. विजा कडाडल्या तर काचेचे पाय लावलेल्या स्टुलावर उभं राहायचं!

1913 साली कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट या बाईंना असं काम मिळालं. बाई एकटी डोंगरावर टिकेल का, अशी शंका होतीच. पहिल्याच हंगामात त्यांनी जवळपास 40 आगी कळवल्या आणि सगळ्या मिळून पाच एकरही जळालं नाही. पुढं दहा-बारा वर्षांहून जास्त त्या तिथंच राहिल्या.

नंतर विमानं आली, उपग्रह आले, मनोरे बहुतेक ओस पडले. आपल्याकडेही फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया 2004 पासून उपग्रहावरून इशारे देते, मोबाईलवर मेसेज येतो. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो, झाडीखालचा लहान विस्तव त्याला दिसेलच असं नाही. आणि मेसेज आल्यावर डोंगर चढणार कोण? हंगामी फायर वॉचर. गावचाच कोरकू पोरगा, कोणता नाला कुठं उतरतो ते ज्याला पाठ आहे.

ड्रोनच्या उद्घाटनाला आम्हा पत्रकारांना आवर्जून बोलावतात, आम्ही फोटोही छापतो. या पोराची मजुरी महिन्याच्या महिन्याला होते का, हे मात्र आम्हीही विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच, मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक मनोऱ्यावर माणूस हवा, तोच माणूस दरवर्षी हवा, आणि त्याचे पैसे वेळेवर हवेत.

तुमच्या गावात कोणी फायर वॉचर असेल आणि मजुरी थकली असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही.