हृदयाचे बोल

१८१६ मध्ये पॅरिसचे वैद्य रेने लेनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर टेकवून हृदयाचे ध्वनी ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मास आला. ‘लब’ हा पहिला ध्वनी कर्णिका व जवनिका यांमधील झडपा मिटताना उमटतो. ‘डब’ हा दुसरा, महाधमनी व फुप्फुसधमनीच्या झडपा मिटताना. झडप अरुंद झाली वा गळू लागली, की रक्तप्रवाह खळबळतो आणि मर्मरध्वनी ऐकू येतो. बालकांत व गर्भवतींत तो निरोगी हृदयातूनही उमटू शकतो. मात्र स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या घसादुखीनंतर उद्भवणारा संधिवाताचा ताप झडपा कायमच्या बिघडवू शकतो. म्हणून मुलांची घसादुखी अंगावर काढू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध, बरे वाटले तरी, पूर्ण द्यावे.