साइट बनवून दिलीत, आता सांभाळणार कोण?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुमच्या वर्गातल्या एका दोस्तानं नात्यातल्या काकांना ऑनलाइन दुकान उभं करून दिलं. काकांचं चादरी आणि टॉवेलचं छोटं युनिट, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. पठ्ठ्यानं होस्टिंग घेतलं, वर्डप्रेस टाकलं, त्यावर वूकॉमर्स बसवलं, एक झकास थीम लावली. काकांनी हातावर दहा हजार ठेवले. इन्स्टावर स्टोरी पडली, मित्रांना पार्टी मिळाली, विषय संपला.

वर्षभरानं, ऐन दिवाळीच्या तोंडावर काकांचा फोन, ‘अरे, गिऱ्हाईक फोटो बघायलंय, पण खरेदीचं बटणच चालंना बघ!’ दोस्त म्हणतो, ‘काका, मी तर काहीच हात लावला नाही.’ आणि तो खरंच बोलतोय. त्यानं काही बदललेलं नाही. बदललंय ते खालचं. होस्टिंगवाल्यानं पीएचपीची नवी आवृत्ती चढवली, वूकॉमर्स आपोआप अपडेट झालं आणि थीम मात्र होती तिथंच राहिली.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. पण तुमच्यापैकी जे कुणी अशी कामं घेतात, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, असा फोन कधी आलाच नाही?

आपण सोलापूरचे, तेव्हा ही गोष्ट मागावरूनच समजून घेऊ. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती काढली. पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रं पाडायची; छिद्र असेल तिथं दोरा उचलला जातो, नसेल तिथं नाही. छिद्रांची हीच कल्पना पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. म्हणजे तुमच्या लॅपटॉपचं आणि मागाचं नातं जुनं आहे. आता विचार करा, एका मागाच्या मापानं पाडलेली कार्डं वेगळ्या मापाच्या जॅकार्डवर चढवली तर काय होईल? कार्डं चांगली, मागही चांगला, तरी नक्षी बिघडणार. थीम म्हणजे ही कार्डं आणि प्लॅटफॉर्म म्हणजे माग. फरक इतकाच की ऑनलाइन जगातला माग दर काही महिन्यांनी आपलं माप बदलतो.

तो बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? एप्रिल २०१७ मध्ये वूकॉमर्सची ३.० ही आवृत्ती आली. तिनं उत्पादनाच्या फोटोंची गॅलरी नव्यानं बांधली. फोटो मोठा करून बघणं, सरकवणं या सोयी हव्या असतील तर थीमनं तसं स्वतः जाहीर करायचं, असा नवा नियम आला. ज्या थीमनं ते केलं नाही, तिथं त्या सोयी गायब. चादरीचं दुकान असेल तर हे किती महागात पडतं बघा. गिऱ्हाईक तिथं चादर हातात घेऊ शकत नाही. वीण जवळून बघायला त्याच्याकडे फोटोशिवाय आहेच काय?

ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ आलं. जुना जावास्क्रिप्ट कोड चालू ठेवणारा जेक्वेरी मायग्रेट नावाचा एक तुकडा त्यात बंद केला गेला. कितीतरी साइटवर मेन्यू उघडेनात, स्लायडर हलेनात. शेवटी वर्डप्रेसच्याच लोकांना मदतीसाठी एक वेगळं प्लगइन द्यावं लागलं. लॉकडाऊनमुळं दुकानं नुकतीच ऑनलाइन येत होती, तेव्हाची ही गोष्ट. त्याच वर्षी ३० जूनला मॅजेंटो १ चा आधार कायमचा थांबला. मॅजेंटो १ ची थीम मॅजेंटो २ वर चालतच नाही, सगळं नव्यानं बांधावं लागतं. म्हणून अनेकांनी ‘चाललंय ना, मग राहू दे’ म्हटलं. सप्टेंबरमध्ये एकाच वीकेंडला जवळपास दोन हजार मॅजेंटो दुकानांत घुसखोरी झाली. पैसे भरायच्या पानावर गिऱ्हाइकांची माहिती चोरणारा कोड बसवला गेला होता. यातली बहुतेक दुकानं मॅजेंटो १ वरचीच होती.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं. ‘अपडेटच करू नका, म्हणजे काही मोडणार नाही,’ हा सल्ला काकांना देऊ नका. कॉलेजच्या कट्ट्यावर तो फार सहज दिला जातो. पण न मोडलेलं जुनं दुकान हे कुलूप नसलेलं दुकान असतं. नियमही थांबत नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या कार्डाचे तपशील साठवायला मनाई केली आणि त्याऐवजी टोकनची पद्धत आली. पेमेंटची व्यवस्था अशी बदलते तेव्हा जुन्या प्लगइनवर बसून राहणारा मागं पडतो.

दुसरं म्हणणं जरा कडू आहे. पैसे मोजून घ्यायची थीम टेलिग्रामवरून फुकट उतरवून काकांच्या दुकानात बसवू नका. तिला ‘नल्ड’ म्हणतात, वापरणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. तिचा परवाना तोडलेला असतो, त्यामुळं मूळ कंपनीचं अपडेट तिला मिळत नाही. आत कुणी काय कोड घुसवलाय, तेही कळत नाही. आपल्या चादरीला आणि टॉवेलला जीआय मानांकन आहे. बाहेरगावचा नकली माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो तेव्हा आपल्याला राग येतो. मग अस्सल चादर चोरीच्या थीमवर मांडताना आपला हात कसा थरथरत नाही?

‘आम्ही शॉपिफाय वापरतो, आम्हाला हा त्रासच नाही,’ असं काहीजण म्हणतील. अर्धं खरं आहे. सर्व्हर तिथं कंपनी सांभाळते. पण जून २०२१ मध्ये शॉपिफायनंही थीमची रचना बदलली. जुन्या थीमवाल्यांना नव्या सोयींसाठी थीम बदलावी लागली. आणि थीमच्या कोडमध्ये तुम्ही हात घातला असेल, तर अपडेट आपोआप येत नाही. भाड्याच्या गाळ्यातलं फर्निचर शेवटी आपल्यालाच बघावं लागतं.

मग करायचं काय? फार अवघड नाही. थीम निवडताना डेमोतल्या फोटोंना भुलण्याआधी तीन गोष्टी वाचा. शेवटचं अपडेट कधी आलं, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत ती तपासली आहे आणि पीएचपीची कोणती आवृत्ती लागते. दोन वर्षांत अपडेट नसेल तर ती थीम कितीही सुंदर असो, सोडून द्या. बदल करायचे असतील तर मूळ थीमच्या फायलींत करू नका, चाइल्ड थीम बनवा. नाहीतर पुढच्या अपडेटला तुमची मेहनत पुसली जाईल.

वूकॉमर्समध्ये ‘स्टेटस’ नावाचं एक पान असतं. तिथं अगदी खाली थीमच्या जुनाट झालेल्या टेम्प्लेटची यादी मिळते. अनेक थीम वूकॉमर्सच्या टेम्प्लेटची नक्कल स्वतःकडे ठेवतात. वूकॉमर्स पुढं गेलं तरी साइटवर ती जुनीच नक्कल चालत राहते. बटण रुसण्याचं कारण बऱ्याचदा इथंच सापडतं.

अपडेटच्या आधी फायली आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घ्या. साइटची एक प्रत वेगळ्या जागी उभी करा आणि अपडेट आधी तिथं चालवून बघा. तिथं स्वतः गिऱ्हाईक व्हा. चादर निवडा, पत्ता भरा, चाचणीच्या मोडमध्ये पैसे भरा, कॅश ऑन डिलिव्हरीही करून बघा. मोबाइलवर तर नक्कीच बघा. मगच खऱ्या दुकानाला हात लावा, तोही सणाच्या आठवड्यात नको. तरीही बिघडलंच, तर साध्या डीफॉल्ट थीमवर जाऊन बघा. अडचण गेली तर दोष थीमचा. नाही गेली तर प्लगइन एकेक करून बंद करत चला.

हे सगळं काम आहे आणि कामाचे पैसे असतात. इथं तुमची चूक पैसे घेण्यात होत नाही, एकदाच घेण्यात होते. काकांना पहिल्याच दिवशी सांगा, बनवण्याचे इतके आणि वर्षभर सांभाळण्याचे इतके. काका थोडी घासाघीस करतील, पण त्यांना हे नवं नाही. मागाला तेलपाणी लागतं, सुटे भाग बदलावे लागतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. वेबसाइटलाही ते लागतं, हे आपणच त्यांना कधी सांगितलं नाही. आणि नोकरीसाठी पुण्याला निघालात तर होस्टिंगचं लॉगिन, डोमेनचा पासवर्ड, थीमची पावती हे सगळं एका कागदावर लिहून काकांच्या हातात द्या. दुकान त्यांचं आहे, किल्ल्या तुमच्या खिशात कशाला?

आपल्याकडं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे काहीतरी नवीन बनवणं. व्हायव्हा झाला की फोल्डर बंद. दुसऱ्यानं लिहिलेला जुना कोड समजून घेऊन चालता ठेवणं, याला मार्क मिळत नाहीत. पण नोकरीत तुमचा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जाणार आहे. तेव्हा यंदाचा प्रोजेक्ट निवडताना नवं ‘ई-कॉमर्स पोर्टल’ बनवण्याऐवजी गावातलं एखादं अडखळलेलं दुकान घ्या आणि ते नीट चालतं करून दाखवा. आमची प्राध्यापकांनाही विनंती आहे, अशा प्रोजेक्टला नाही म्हणू नका.

आणि हो, गेल्या वर्षी ज्यांना साइट करून दिलीत, त्यांना आज संध्याकाळी एक फोन करा. त्यांचा फोन यायची वाट बघू नका.