वर्ष वाया जाऊ द्या

ज्यांचा मुलगा किंवा मुलगी आर्किटेक्चरला जायचं म्हणते आहे, असे आईवडील महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की दोन प्रश्न हमखास येतात. ए-लेव्हलला मॅथ्स आणि फिजिक्स घेतलंय, पुरेल ना? आणि शाळेतले सर आधी फाउंडेशन करा म्हणतायत, म्हणजे एक वर्ष वायाच ना? माझं मत आधीच सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये आर्किटेक्चर शिकू पाहणाऱ्या बहुतेक अठरा वर्षांच्या मुलांनी पदवीच्या आधी एक वर्ष आर्ट फाउंडेशन करावं. तेही शक्यतो विद्यापीठाच्या पदवीला जोडून दिलेलं नको. घराजवळच्या कॉलेजातलं, स्वतंत्र असावं. ज्याला आपण वाया गेलेलं वर्ष म्हणतो, ते या सगळ्या लांबलचक शिक्षणातलं सर्वांत स्वस्त वर्ष आहे.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. भारतात बी.आर्क.ला जायचं तर बारावीला गणित हवं, आणि वर नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. त्यामुळे आर्किटेक्चर म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंग अधिक थोडी चित्रकला, असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे आल्यावरही आपण तेच लावतो. मुलीला आर्ट घ्यायचं असतं, आपण म्हणतो, छंद म्हणून कर, विषय फिजिक्स घे. ब्रिटनमधल्या बहुतेक आर्किटेक्चर स्कूलना फिजिक्स लागत नाही. गणिताला काही ठिकाणी पसंती असते, पण सगळीकडे सक्ती नसते. बऱ्याच ठिकाणी लागतो तो पोर्टफोलिओ, आणि आपली मुलं नेमकी तिथे अडकतात.

आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दिलेली असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. त्या परीक्षांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तांब्या आणि कापडाच्या घडीवरची सावली बघायला मी तिथेच शिकलो. पण त्या परीक्षेत गुण मिळतात ते पूर्ण झालेल्या कागदाला. इथल्या मुलाखतीत बघतात ते त्या कागदाच्या आधीचं सगळं: फसलेली रेखाटनं, रस्त्यात उभं राहून काढलेले जिने, पुठ्ठ्याचं कापून पुन्हा चिकटवलेलं मॉडेल, आणि पहिली कल्पना का सोडली याच्या शेजारीच खरडलेल्या दोन ओळी. आपली मुलं घेऊन जातात फोटोवरून काढलेला सुबक पेन्सिल-गणपती आणि संगणकावर केलेली चकचकीत बंगल्याची चित्रं. गणपती सुरेख असतो, बंगला झकास असतो, आणि प्रवेश मिळत नाही. गंमत म्हणजे याच मुलांनी मंडळाच्या आवारात दिवाळीचा किल्ला केलेला असतो. माती कुठे ढासळते, पायऱ्या किती उंचीच्या केल्या तर मावळा उभा राहतो, हे हातांनी शोधलेलं असतं. त्या चार दिवसांचे टप्प्याटप्प्याचे फोटो आणि कच्चे आराखडे पोर्टफोलिओत कोणी ठेवत नाही. ते ठेवावेत असं त्यांना सांगणारंच कोणी भेटलेलं नसतं. फाउंडेशनमध्ये भेटतं.

त्या वर्षात होतं काय? सप्टेंबरात सुरुवात होते. पहिल्या काही महिन्यांत मुलांना सगळीकडे फिरवतात: चित्र, शिल्प, छपाई, कापड, ग्राफिक, फोटो, त्रिमिती. आर्किटेक्चरच करणार म्हणून आलेल्यालाही आठवडाभर विणायला बसवतात, आणि फॅशनवाल्याला प्लास्टर ओतायला लावतात. मग एक शाखा निवडायची. आर्किटेक्चरची मुलं सहसा त्रिमितीकडे किंवा ज्याला स्पेशियल डिझाइन म्हणतात तिकडे वळतात. उन्हाळ्याच्या तोंडावर स्वतःच ठरवलेला एक मोठा प्रकल्प आणि त्याचं प्रदर्शन. लेखी परीक्षा जवळजवळ नाहीच. त्याऐवजी भिंतीवर काम लावून सगळ्यांसमोर त्याची चिरफाड करून घ्यायची. भारतात आम्ही तिला ज्युरी म्हणायचो, इथे क्रिट म्हणतात. रडू दोन्हीकडे सारखंच येतं. एक मात्र लक्षात ठेवायला हवं. विद्यापीठाचे अर्ज जानेवारीत जातात, म्हणजे फाउंडेशनचा पोर्टफोलिओ प्रत्यक्षात पहिल्या साडेतीन-चार महिन्यांतच उभा राहतो. म्हणून ‘आधी सेटल होऊ दे, मग बघू’ इथे चालत नाही.

ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. १९१९ साली वायमारमध्ये बाउहाउस सुरू झालं, तेव्हा योहानेस इटनने नव्या विद्यार्थ्यांसाठी एक प्राथमिक अभ्यासक्रम आखला. कुठलंही कार्यशाळेतलं काम शिकण्याआधी लाकूड, धातू, रंग, कागद यांच्याशी नुसतं खेळायचं. पुढे मोहोली-नॉज आणि आल्बर्स यांनी तो बदलत नेला. त्याच कुळातलं ‘बेसिक डिझाइन’ भारतातल्या बी.आर्क.च्या पहिल्या वर्षालाही असतं. ब्रिटनमध्ये व्हिक्टर पासमोर, रिचर्ड हॅमिल्टन, हॅरी थुब्रॉन या मंडळींनी १९५०च्या दशकात हेच विचार कलाशाळांत रुजवले, आणि १९६०च्या कोल्डस्ट्रीम अहवालानंतर कलेच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाआधी तयारीचं एक वर्ष ही रीत पडली. आजचं फाउंडेशन तिथून आलं.

नेमकं त्या अहवालाच्या दोन वर्षं आधी, १९५८ साली, ऑक्सफर्डच्या परिषदेत ब्रिटिश आर्किटेक्ट मंडळींनी वेगळंच ठरवलं होतं. उमेदवारी करत शिकणं बंद व्हावं, शिक्षण विद्यापीठात नाहीतर त्या तोडीच्या संस्थेत पूर्णवेळ व्हावं, आणि प्रवेशाला निदान दोन ए-लेव्हल लागावेत. त्या काळात ते बरोबरही असेल. पण परिणाम असा झाला की कलेच्या मुलांना बघायला शिकण्यासाठी एक वर्ष मिळालं, आणि आर्किटेक्चरची मुलं मार्कशीट घेऊन थेट ड्रॉइंग बोर्डासमोर उभी राहिली. फाउंडेशन करून आर्किटेक्चरला जाणारा विद्यार्थी ही फट स्वतःपुरती बुजवतो.

आता पैशाचं, कारण इथेच सर्वांत मोठी गफलत होते. फाउंडेशन या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे कॉलेजातला आर्ट अँड डिझाइनचा फाउंडेशन डिप्लोमा. कोर्स सुरू होण्याआधीच्या ३१ ऑगस्टला वय १९ पेक्षा कमी असेल आणि वास्तव्याच्या अटी पुऱ्या होत असतील, तर इंग्लंडमध्ये साधारणपणे त्याची फी भरावी लागत नाही. खर्च होतो तो कागद, रंग, पुठ्ठा आणि रेल्वेचा. वय उलटलं की बहुतेकांना फी लागते, आणि हा डिप्लोमा विद्यापीठाच्या पातळीचा धरला जात नसल्याने नेहमीचं स्टुडंट लोन मिळत नाही. एका वर्षाच्या उशिराने ही संधी कायमची हुकते, म्हणून हे सांगतो आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘आर्किटेक्चर, फाउंडेशन इयरसह’ अशी चार वर्षांची पदवी. तिच्या पहिल्या वर्षालाही लोन मिळतं, म्हणजेच पहिल्या वर्षाचंही कर्ज होतं. २०२५-२६ साठी इंग्लंडमध्ये पदवीच्या फीची कमाल मर्यादा वर्षाला ९,५३५ पौंड होती. त्यात राहण्याखाण्याचं कर्ज मिळवा. आज सुरू करणाऱ्यांच्या कर्जाची फेड उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेल्यावर सुरू होते आणि ४० वर्षांपर्यंत चालते. या जोडून दिलेल्या वर्षात वेगवेगळ्या विषयांतून फिरणं कमी; बहुतेकदा पहिल्या दिवसापासून आर्किटेक्चरच. ते वर्ष पास झालं की त्याच विद्यापीठात पुढे जाता येतं, पण दुसरी विद्यापीठं ते मान्य करतीलच असं नाही. थोडक्यात, मुलाला सतराव्या वर्षी एका इमारतीत शिरवून मागचं दार लावून घेतल्यासारखं आहे.

जोडून दिलेल्या वर्षाचा उपयोग कोणालाच नाही असं मी म्हणत नाही. ए-लेव्हल कोसळले, पण मुलाचं मन पक्कं आहे आणि जागेची खात्री हवी आहे, तर ते घ्यावं. वयाने मोठे, नोकरी सोडून येणारे, वेगळ्या विषयाचे, यांच्यासाठीही तेच बरं. ज्या मुलीने ए-लेव्हलला आर्ट केलंय आणि जिची स्केचबुकं भरून वाहतायत, तिला मात्र कुठल्याच फाउंडेशनची गरज नाही. तिने थेट अर्ज करावा. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनचंही स्वतःचं एका वर्षाचं फाउंडेशन आहे, पण ती खासगी संस्था, तिथला हिशेब निराळा. स्कॉटलंडमध्ये फी आणि पदवीची रचना दोन्ही वेगळी, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो. आणि अलीकडे स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट सर्वांत आधी करावी: मूल होम फीमध्ये बसतं की ओव्हरसीजमध्ये, ते विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. हा दर्जा सहसा पदवी सुरू होतानाच्या परिस्थितीवर ठरतो, आणि चार वर्षांच्या पदवीत फाउंडेशनचं वर्ष हीच सुरुवात असते. आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, वर्षभराने मिळणार असेल तर स्वतंत्र फाउंडेशन आणि जोडलेलं फाउंडेशन यांत फार मोठ्या रकमेचा फरक पडू शकतो.

‘पण आर्किटेक्ट व्हायला आधीच सात वर्षं, त्यात आठवं कशाला?’ हा आक्षेप मी समजू शकतो. तीन वर्षांची पदवी म्हणजे पार्ट वन, एक वर्ष ऑफिसात, दोन वर्षांचा पार्ट टू, पुन्हा ऑफिस, मग पार्ट थ्री. १९९७च्या कायद्यानुसार एआरबीकडे, म्हणजे आर्किटेक्टांच्या नोंदणी मंडळाकडे, नोंदणी झाल्याशिवाय इथे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. भारतात परतायचं असेल तर तिथल्या काउन्सिलची मान्यता हा आणखी एक डोंगर, तोही आधीच बघून ठेवावा. एवढं करून पगार आयटीच्या मानाने बेताचाच. पण म्हणूनच तर म्हणतो, इतक्या लांबच्या वाटेला लागण्याआधी मुलाला ही वाट आपली नाही हे कळण्याची एक स्वस्त संधी द्या. फाउंडेशनच्या अखेरीस ‘मला रंगमंचाचं नेपथ्य करायचंय’ किंवा ‘मला फर्निचर करायचंय’ असं सांगणारं मूल अपयशी ठरत नाही. हेच त्याला पार्ट वनच्या तिसऱ्या वर्षी कळलं असतं, तर तोवर तीन वर्षांचं कर्ज झालं असतं.

शिवाय नियमही सैल होत आहेत. पार्ट वनला मान्यता देणं बंद करायचं आणि पदव्युत्तर पातळीवर विद्यार्थ्याला काय येतं ते बघायचं, असा निर्णय एआरबीने २०२३ साली घेतला. बदल टप्प्याटप्प्याने येत आहेत. म्हणजे अठराव्या वर्षी सरळ रेषेत उभं राहण्याचं कायद्याचं कारणही कमी होत जाणार. आणि सरळ रेषेत न आलेल्यांचं काय झालं म्हणाल, तर झाहा हदीद बैरुतमध्ये गणित शिकून मग १९७२ साली लंडनला आर्किटेक्चरला आल्या. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईच्या जे. जे.तून लंडनला आरआयबीए या ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेच्या परीक्षेची तयारी करायला आले, आणि ती सोडून ल कॉर्ब्युझिएंकडे पॅरिसला गेले. प्रित्झकर पारितोषिक हदीदना २००४ साली मिळालं, दोशींना २०१८ साली.

एवढी मोठी उदाहरणं नकोत तर माझ्या ऑफिसातलं सांगतो. दरवर्षी पार्ट वन झालेली दोन-तीन मुलं आमच्याकडे कामाला येतात. अडचण आली की काही जण स्क्रीनकडे बघत बसतात, काही जण पुठ्ठा आणि कटर उचलतात. दुसऱ्या गटातल्यांना विचारलं तर बहुतेकांनी फाउंडेशन केलेलं असतं. हा काही पुरावा नव्हे, एका छोट्या ऑफिसातलं निरीक्षण आहे. पण कोणाला कामावर ठेवायचं हे ठरवताना मी ते धरतो.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. मे-जून महिन्यात तुमच्या भागातल्या कॉलेजात फाउंडेशनच्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन भरतं. बहुतेक ठिकाणी कोणालाही जाता येतं, तिकीट नसतं. मुलाला घेऊन जा. भिंतीवरच्या कामाआधी टेबलावरची स्केचबुकं उघडून बघा, आणि शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला विचारा, सप्टेंबरात तुला काय व्हायचं होतं आणि आता काय व्हायचंय. ए-लेव्हलचे विषय ठरवण्याआधीच्या उन्हाळ्यात हे जमलं तर सर्वांत उत्तम.