कांबळीला हसू नका, त्याला हुतात्माही करू नका



मागच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीत टेनिस बॉलची स्पर्धा होती. दुपारच्या सामन्यात एक चाळिशीचा माणूस मैदानात घुसला. पाय लटपटत होते, तोंडाला वास होता. त्याने एका पोराच्या हातातली बॅट ओढून घेतली आणि डावखुरा पवित्रा घेऊन उभा राहिला. कोणीतरी हळूच चेंडू टाकला, तो चुकला आणि खाली पडला. पन्नास पोरं हसली. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ निम्म्या जालन्याच्या स्टेटसवर होता. त्यावर लिहिलं होतं, ‘आमचा कांबळी’.

हे नाव त्याला आज मिळालेलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीच दिलं होतं, आणि तेव्हा ते कौतुकाचं होतं. तो डावखुरा, कानात बाळी, कॉलर वर, षटकार मारला की बॅट खांद्यावर टाकून गोलंदाजाकडे बघत राहायचा. आज तो एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात माल चढवतो, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी. तो व्हिडिओ माझ्याकडे आला तेव्हा पहिल्यांदा मीही हसलो. समाजशास्त्रात एमए केलेला, व्यसनमुक्तीची शिबिरं घेणारा मी हसलो. हा लेख त्या लाजेतून लिहितोय.

आता खऱ्या कांबळीकडे येतो. 3 डिसेंबर 2024 रोजी शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. त्या मंचावर विनोद कांबळीने सचिनचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडेना. त्या काही सेकंदांवर सगळा देश तुटून पडला. त्याच महिन्यात तो भिवंडीजवळच्या रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा पुन्हा तेच. तेव्हापासून आपल्या तरुणांच्या गटांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, ‘वाया गेला. देवाने सगळं दिलं होतं, याने दारूत घातलं.’ दुसरा म्हणतो, ‘वाया घालवला. जातीने मारला. सचिनला लिफ्ट, याला जिना.’ मला दोन्ही तटांशी भांडायचं आहे.

आधी खेळाचं बोलू, कारण आजच्या वीस वर्षांच्या पोराने त्याला खेळताना पाहिलेलं नाही. 1988 मध्ये शारदाश्रमकडून खेळताना सचिन आणि विनोदने 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिनच्या 326, विनोदच्या 349. रणजीत पहिल्याच चेंडूवर त्याने षटकार मारला. 1993 मध्ये मुंबईत इंग्लंडविरुद्ध 224, लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध 227. त्याच वर्षी श्रीलंकेत आणखी दोन शतकं. अवघ्या 14 डावांत कसोटीतल्या हजार धावा. शारजात शेन वॉर्नला त्याने धोपटलं तेव्हा वॉर्न त्या काळचा जगातला सर्वात धोकादायक फिरकीपटू होता. कारकीर्द संपली तेव्हा हिशोब असा: 17 कसोटी, 1084 धावा, 4 शतकं, सरासरी 54.20. शेवटची कसोटी नोव्हेंबर 1995 मध्ये, वय 23.

आणि तो बघायला मजा यायची, हे का लपवायचं? तोवर मराठी फलंदाज म्हणजे खाली मान, सरळ बॅट, मोजकं बोलणं. दादर-हिंदू कॉलनीचं ते वळण. कांजूरमार्गच्या चाळीतून लोकलला लोंबकळत येणारा हा पोरगा सोन्याची साखळी घालून आला, नाचला, मस्ती केली. आमच्या वस्तीत तेव्हा एकच टीव्ही होता. त्यासमोर बसलेल्या पोरांना सचिनचा अभिमान वाटायचा, पण नक्कल कांबळीची व्हायची. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा 13 मार्च 1996 रोजी ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना बंद पडला. नाबाद 10 वर असलेला कांबळी रडत बाहेर आला. माझ्या बापाने टीव्ही बंद केला आणि कोणीच काही बोललं नाही.

आता ‘जातीने मारला’ म्हणणाऱ्या मित्रांना माझे प्रश्न. 1994 च्या अखेरीस वेस्ट इंडिजच्या तेज गोलंदाजांनी त्याला आखूड चेंडूंवर उघडा पाडला. त्या मालिकेत त्याच्या धावा झाल्या नाहीत, हे धावफलकावर आहे. 1996 च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड आले, आणि जागा भरल्या त्या भरल्याच. एकदिवसीय संघात त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं गेलं, 2000 पर्यंत तो 104 सामने खेळला. हे सगळं झाकून आपण ‘षडयंत्र’ म्हणालो तर समोरचा एक आकडा काढतो आणि आपलं तोंड बंद होतं. बाबासाहेबांनी एकेका वाक्यासाठी पुरावे गोळा केले. आपण फॉरवर्डवर भागवतो.

दुसरं, याच तटाला लागलेला एक रोग. दर वेळी चर्चा एकाच ठिकाणी जाऊन पोहोचते: तो नेमका कोणत्या जातीचा? आपल्यातला की नाही? मित्रांनो, जातीचा दाखला मागणं हे तहसील कार्यालयाचं काम आहे. माणूस आपला निघाला तरच त्याच्या पडण्याचं दुःख करायचं, हा हिशोब आपण कुठून शिकलो? ज्यांच्याशी लढतोय त्यांच्याकडूनच.

पण म्हणून ‘वाया गेला’ म्हणणारे बरोबर ठरत नाहीत. त्यांच्याशी माझं भांडण जास्त मोठं आहे.

1996 मध्येच नवज्योतसिंग सिद्धू इंग्लंड दौरा अर्धवट सोडून, कर्णधाराशी भांडून घरी आला होता. यापेक्षा मोठी बेशिस्त काय असते? तो परत संघात आला आणि 1997 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्याने द्विशतक केलं. छान झालं. खेळाडूला परत घेतलंच पाहिजे. शेन वॉर्नला 2003 मध्ये बंदी असलेलं औषध घेतल्याबद्दल वर्षभर बाहेर बसवलं. तो परत आला, आणि त्याच्या सिगारेटी, भानगडी, बडबड या सगळ्याला जगाने ‘अवलिया’ म्हटलं. कांबळीची कानातली बाळी मात्र ‘डोक्यात हवा गेल्याचं’ लक्षण ठरली. एकाची मस्ती म्हणजे व्यक्तिमत्त्व, दुसऱ्याची मस्ती म्हणजे संस्कार नसणं. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर, चूक झाल्यावर कोणाच्या घरी समजूत घालायला माणसं येतात आणि कोणाच्या घरी फक्त बातमीदार येतात, हा तो फरक. निवड समितीत बसून कोणी जात काढली असेल-नसेल, त्यासाठी पुरावा लागेल. हा फरक मात्र कोणालाही उघड्या डोळ्यांनी दिसतो.

हे फक्त आपल्याकडे झालेलं नाही. हेवीवेट बॉक्सिंगमधला पहिला काळा जगज्जेता जॅक जॉन्सन. 1908 मध्ये त्याने किताब जिंकला. सोन्याचे दात, वेगवान मोटारी, गोऱ्या बायका, आणि समोरच्याला ठोसे मारता मारता हसून चिडवायची सवय. 1910 मध्ये त्याने रीनो शहरात गोऱ्या जेफ्रीजला हरवलं तेव्हा अमेरिकेत दंगली झाल्या, काळी माणसं मारली गेली. 1913 मध्ये वर्णद्वेषी खटल्यात त्याला दोषी ठरवलं. गोऱ्यांचा राग समजतो. पण त्याच्यावरून काळा समाजही दुभंगला होता. बुकर टी. वॉशिंग्टनसारख्या मोठ्या पुढाऱ्याने त्याला जाहीर कानपिचक्या दिल्या, कारण हा समाजाचं नाव खराब करतोय. आणि तो काही संत नव्हता. बायकोला मारायचा, हे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवलंय.

त्यानंतर 1937 मध्ये जो लुईस जगज्जेता झाला. त्याला त्याच्या लोकांनी पढवून ठेवलं होतं: गोरा पडला तर हसायचं नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही, नम्र राहायचं. तो नम्र राहिला, युद्धात सैन्यात गेला, देशाचा लाडका झाला. शेवटी आयकराच्या कर्जात बुडाला आणि लास वेगासच्या कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करत बसला.

आपला जो लुईस म्हणजे पळवणकर बाळू. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकीपटू 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. पुण्यात त्याला मैदानावर चेंडू द्यायचे, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. वागणं शांत, सभ्य, शब्दाने कोणाला दुखावलं नाही. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते 1923 मध्ये धाकटा भाऊ विठ्ठलला मिळालं, तेही भांडणं झाल्यावर. आणि हाच बाळू 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. यापेक्षा मोठी राजकीय चूक आपल्या दृष्टीने कोणती? तरी आपण त्याचं नाव आदराने घेतो, आणि घ्यायलाच हवं. म्हणजे चूक आणि माणूस वेगळे ठेवून बघायची अक्कल आपल्याकडे आहे. मग ती सोयीने का वापरतो?

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्यातला प्रत्येक जण निष्कलंक आणि अव्वल निघाला तरच त्याला मान मिळेल, ही अट म्हणजे समता नाही. ती वरच्यांनी घातलेली परीक्षा आहे आणि आपणच आता तिचे पर्यवेक्षक झालोय. मधल्या दर्जाच्या, गर्विष्ठ, चुकणाऱ्या माणसालाही दुसरी संधी मिळते, तेव्हा समाज समान झालेला असतो. सवर्ण घरांतली वाया गेलेली पोरं काकाच्या दुकानात, मामाच्या कंपनीत लागतात. आपलं पोरगं एकदा घसरलं की थेट कारखान्याच्या फाटकावर. आपल्या जालन्याच्या विजय झोलने 19 वर्षांखालील स्पर्धेत नाबाद 451 केल्या, 2014 मध्ये युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं, तरी मुख्य संघाचं दार उघडलं नाही. खेळात एवढी अनिश्चितता असते. म्हणून खेळाडू घसरला तर खाली जाळी हवी, आणि ती जाळी कोणाच्या घरी असते हे तुम्हाला माहीत आहे.

आता कोणी म्हणेल, दारूचं समर्थन करतोय. अजिबात नाही. बाबासाहेबांनी 1956 मध्ये दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पाचवं शील तेच आहे. आणि कांबळीच्या पत्नीने 2023 मध्ये मारहाणीची तक्रार पोलिसांत दिली होती, हेही विसरून चालणार नाही. ‘तो आपला, त्याच्यावर अन्याय झाला’ म्हणत बाईची तक्रार गिळून टाकायची असेल तर ती चळवळ माझी नाही. आमच्या वस्तीतल्या त्या माणसाची बायको धुणीभांडी करून दोन लेकरं शिकवते. पोरं व्हिडिओ बघून हसत होती तेव्हा ती दार लावून घरात बसली होती. हुतात्मा म्हणून त्याची मिरवणूक काढली तर तिचं काय?

बुद्धाने अंगुलिमालाला संघात घेतलं, तेव्हा त्याचे गुन्हे पुसले नाहीत. लोकांनी त्याला दगड मारले, रक्ताळून तो विहारात आला, तेव्हा बुद्धाने सांगितलं की हे तुझ्याच कर्माचं फळ आहे, सोस. पण विहाराचं दार बंद केलं नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं. कांबळीच्या बाबतीत 1983 च्या विश्वविजेत्या संघातल्या काही जणांनी हेच केलं. मदत करतो म्हणाले, पण आधी व्यसनमुक्तीला जा. मला ती अट माणुसकीची वाटते.

म्हणून जयंती मंडळातल्या माझ्या भावांना तीन गोष्टी सांगतो. पुढच्या स्पर्धेत नशेतल्या माणसाचा व्हिडिओ काढला तर त्या संघाला बाद करायचं, हा नियम आधीच लिहून ठेवा. डीजेच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढा आणि वस्तीतल्या ज्या माणसाला उपचार घ्यायचे आहेत त्याच्या जाण्यायेण्याचा, औषधांचा खर्च करा. आणि कोणाच्या घरी ‘समजवायला’ जाल तेव्हा आधी त्याच्या बायकोला विचारा, तिला काय हवंय.

मी गेलो होतो. तिने चहा दिला आणि म्हणाली, ‘भाऊ, आधी तो व्हिडिओ काढायला लावा. पोरगी शाळेत जाईना झालीय.’ मी अकरा जणांना फोन केले. नऊ जणांनी काढला. दोघं अजून म्हणतात, ‘काय दादा, गंमत होती.’ हा लेख त्या दोघांसाठीही आहे.

जय भीम.