सरपंचाची खुर्ची आणि गावचा बांध

कूळ बंधूंनो, रापणकार बंधू-भगिनींनो,

खाजनाचा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, आणि ते शेत पुन्हा गोडे व्हायला पावसाळ्यांमागून पावसाळे जातात. बांध वाट पाहत नाही. पंचायतीत मात्र अविश्वासाचे ठराव येतात, सरपंच बदलतात, आणि काम तसेच राहते.

हे असे का होते? ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ चा. घटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांत शेती आहे, लहान पाटबंधारे आहेत, मासेमारीही आहे. परंतु ते अधिकार किती द्यायचे, हे राज्य विधिमंडळावर सोडले आहे. म्हणून विषय कागदावर गावाचे. पैसा आणि इंजिनियर सरकारी खात्यांचे. मग सरपंचाला मंत्र्याचे दार धरावे लागते, आणि मंत्र्याची मर्जी फिरली की पंचही फिरतात.

यावर तुमच्या हाती एक साधन आहे : ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सभासद. ती अविश्वासाने पडत नाही. वर्षाच्या सगळ्या सभांना जा. कोणत्या बांधाला, कोणत्या मानशीला किती पैसे आले, होड्या ओढायची जागा कोणाच्या घशात चालली आहे, हे विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

खुर्चीची भांडणे पंचांना लखलाभ. बांध तुमचा आहे!